दारापुढे हिमाची भिंत

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकास, कॅनडाच्या सीमेलगत, ईरी सरोवराच्या काठी बफेलो हे शहर वसले आहे. नायगाराचा धबधबा पाहण्यास महाराष्ट्रातून जाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हे शहर पाहिलेले असते, पण उन्हाळ्यात. हिवाळ्यातील बफेलो निराळे. हिम पडणे ही तेथे बातमी नसते. गॅरेजमध्ये मोटारीशेजारी हिम उडवणारे यंत्र उभे असते, दाराआड फावडे टेकवलेले असते आणि मुले शाळेला सुटी मिळावी म्हणून आकाशाकडे पाहत असतात. हिमाशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या अशा प्रदेशात डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या चार-पाच दिवसांत ४७ माणसे दगावली. त्यांतील काही रस्त्यावर सापडली, काही मोटारीत, आणि काही स्वतःच्या घरात.

पुणे, सांगली, सोलापूर, जळगाव येथील अनेक व्यापारी घराण्यांची एखादी फांदी आता अमेरिकेच्या ईशान्य भागात रुजली आहे. कुणाचा मुलगा बॉस्टनला, कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाचा पुतण्या थेट सरोवरांच्या प्रदेशात. हिवाळ्यात तेथे वादळ आले की येथील घरात रात्री-अपरात्री फोन सुरू होतात, कारण दोन्हीकडच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर आहे. म्हणून बफेलोत त्या आठवड्यात नेमके काय घडले, हे जाणून घेणे येथील वाचकांनाही दूरचे वाटू नये.

अमेरिकेच्या हवामान खात्याने हिमझंझावाताची व्याख्या ठरवलेली आहे. ताशी ३५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा, हवेत उडणारे हिम, आणि पाव मैलापलीकडचे काही न दिसणे, अशी स्थिती सलग ३ तास टिकली तर त्यास ती संज्ञा लावतात. बफेलोत ही स्थिती सलग ३७ तास टिकली. वाऱ्याचे झोत ताशी ७० मैलांच्या, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर गेले. विमानतळावर एकूण ५१.९ इंच, म्हणजे सुमारे १३२ सेंटिमीटर हिम मोजले गेले. उंच माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढे. पण हे मोजमाप सपाट जागेचे. वारा हिमास सपाट राहू देत नाही. तो ते एका अंगणातून खरवडून दुसऱ्याच्या दारापुढे रचतो. त्यामुळे एका घराची पायरी उघडी राहिली, तर शेजाऱ्याचे दार पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत बुजले.

केवळ हिमाच्या राशीने एवढा अनर्थ होत नाही, हे त्याच जिल्ह्याने महिन्याभरापूर्वी पाहिले होते. १७ ते २० नोव्हेंबर २०२२ या दिवसांत बफेलोच्या दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क व हॅम्बर्ग या गावांत ८० इंचांच्या आसपास हिम पडले. डिसेंबरच्या आकड्याहून हे कितीतरी अधिक. तरीही जीवितहानी फार थोडी झाली. वारा बेताचा होता, वाहनबंदी वेळेवर लागू झाली होती, लोक घरात होते. डिसेंबरमध्ये हिमाबरोबर वारा आला, आणि माणसाला स्वतःचा पसरलेला हात दिसेनासा झाला. घरापासून चार पावलांवर दिशा हरवलेल्या माणसास अनुभवाचा उपयोग होत नाही.

या प्रदेशातील हिमाची उत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. कॅनडाकडून येणारी कोरडी, अतिथंड हवा सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहते, तेथून बाष्प उचलते आणि पलीकडचा किनारा लागताच ते हिमरूपाने ओतते. ईरी सरोवर लांबट आहे, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ३९० किलोमीटर पसरलेले, आणि बफेलो नेमके त्याच्या पूर्व टोकाशी. वारा त्या रेषेत वाहू लागला की सरोवराच्या संपूर्ण लांबीची वाफ शहरावर येते. ही हिमाची पट्टी अरुंद असते. महाबळेश्वरास धारा लागलेल्या असताना वाईत कोरडे असावे, तसे येथे एका उपनगरात घर गाडले जाते आणि पंधरा मैलांवर लोक चालत दुकानात जातात. ईरी हे पाच महासरोवरांत सर्वांत उथळ असल्याने लवकर गोठते, आणि एकदा गोठले की बाष्पाचा हा पुरवठा थांबतो. पण त्यावरही विसंबता येत नाही. जानेवारी १९७७ मध्ये सरोवर केव्हाच गोठलेले होते. तेव्हा वाऱ्याने गोठलेल्या पृष्ठभागावर साचलेले जुने हिमच उचलून शहरात आणून टाकले. आकाशातून नवे हिम जेमतेम फूटभर पडले असेल. तरी २९ जण मृत्युमुखी पडले. बफेलोचे वृद्ध अजून त्या वर्षाच्या हिशेबाने आयुष्य मोजतात.

व्यापारी वाचकाने सर्वांत बारकाईने पाहावे असे काही असेल, तर ती शुक्रवार, २३ डिसेंबरची सकाळ. हवामान खात्याने अनेक दिवस आधीपासून इशारे दिले होते. पिढीतून एकदा येणारे वादळ, अशा शब्दांत दिले होते. परंतु तो नाताळपूर्वीचा शेवटचा शुक्रवार होता. धनत्रयोदशीला मराठी दुकानदाराचा जीव जसा गल्ल्यात असतो, तसाच तो तेथील दुकानदाराचा त्या दिवशी असतो. दुकाने उघडली, कामगार निघाले. पहाटे हवा सौम्य होती, पाऊस पडत होता. मग काही तासांतच पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली गेला आणि ओले रस्ते काचेसारखे झाले. जिल्हा प्रशासनाने वाहनबंदी लागू केली ती सकाळी साडेनऊपासून. तोवर हजारो लोक कामावर पोहोचलेले होते किंवा वाटेत होते. शहराच्या विनंतीवरून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यातही या विलंबाची नोंद आली.

प्रशासनास दोष देणे सोपे आहे आणि तो दिला गेलाही. पण त्या सकाळी दुकान उघडायचे की नाही हे प्रशासनाने ठरवले नव्हते. ते मालकांनी ठरवले होते. तासाच्या हिशेबाने पगार घेणारा माणूस न गेल्यास त्याचा रोज बुडतो, आणि नाताळच्या तोंडावर रोज बुडणे त्यास परवडत नाही. म्हणून मालक बोलावील तर तो येतो. न येण्याचे स्वातंत्र्य कागदावर त्याच्याकडे असले, तरी व्यवहारात ते मालकाच्या हाती असते. मृतांमध्ये कामावरून घरी परतताना हिमात अडकलेली बावीस वर्षांची एक तरुणी होती. मोटारीत बसून ती घरच्यांच्या संपर्कात राहिली. मदत पोहोचली नाही, कारण मदतीची वाहनेच ठिकठिकाणी रुतलेली होती. अग्निशमन दलाचे बंब आणि रुग्णवाहिका यांना कित्येक तास कोणत्याच हाकेस धावून जाता आले नाही.

अमेरिकेतील किराणा, मोटेल व औषधविक्री या व्यवसायांत भारतीय कुटुंबांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यापैकी जाणती पेढी काय करते, हे सांगण्यासारखे आहे. इशारा येताच आदल्या संध्याकाळी दुकान बंद ठेवल्याचे कळवावे आणि त्या दिवसाचा रोज देऊन टाकावा. उघडणे अपरिहार्यच असेल, तर चार माणसे दोन रात्री काढू शकतील एवढी पांघरुणे, पाणी आणि खाणे दुकानातच ठेवावे, व वादळ सुरू झाल्यावर कोणासही बाहेर सोडू नये. एका दिवसाच्या गल्ल्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. गंमत अशी, की येथे मुंबईच्या बाजारपेठेत २६ जुलै २००५ च्या महापुरात हेच घडले होते. ज्या पेढ्यांनी नोकर-गुमास्त्यांना त्या रात्री गादीवर झोपू दिले, त्यांच्या घरची मंडळी निर्धास्त होती.

आता घराच्या आत. बाहेर वादळ आणि आत ऊब, हे चित्र विजेवर अवलंबून असते. पुष्कळ घरांत हवा तापवणारी भट्टी नैसर्गिक वायूवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी ऊब राहील असा नवख्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वायू जळतो, पण तापलेली हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवरचा असतो, आणि वीज नसेल तर भट्टी स्वतःच बंद होते. बफेलोत वीज केवळ तारा तुटल्याने गेली नाही. काही उपकेंद्रे हिमाने बुजून गोठली. वीज कर्मचाऱ्यांना तेथपर्यंत जाण्यास आधी रस्ता खणावा लागला. अनेक घरे दिवसेंदिवस अंधारात राहिली.

त्याहून घातक गोष्ट दिसत नाही आणि तिला वासही नसतो. नव्या भट्ट्यांचा धूर छपरावरच्या धुराड्यातून जात नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच्या प्लास्टिकच्या नळीतून जातो. वाऱ्याने रचलेले हिम ती नळी बुजवते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात साठू लागतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे. बंद खोलीत शेगडी पेटवणे, गॅरेजमध्ये मोटार सुरू करून ऊब घेणे, जनित्र घरात किंवा खिडकीजवळ चालवणे, यांतूनही हेच होते. हिमात रुतलेल्या मोटारीचे इंजिन चालू ठेवणाऱ्यानेही मागची धूरनळी मोकळी आहे ना, हे आधी पाहावे. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र थोड्या डॉलरांत मिळते. नव्या घरात राहायला गेलेल्या मुलांना दिवाळीची ओवाळणी म्हणून तेच पाठवले तरी शोभेल.

घर थंड पडू लागले की पुढची पाळी नळांची. बाहेरच्या भिंतीतून गेलेल्या नळीतील पाणी गोठते, प्रसरण पावते आणि नळी फाटते. फाटल्याचे कळते ते मात्र बर्फ वितळल्यावर, छतातून धार लागते तेव्हा. म्हणून वादळापूर्वीच नळाची बारीक धार सोडून ठेवतात, मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवतात, म्हणजे खोलीतील ऊब नळीपर्यंत जाते. आणि मुख्य तोटी कोठे आहे हे घरातील प्रत्येकास दाखवून ठेवतात. न्हाणीघरातील टब भरून ठेवण्याची रीतही चांगली. बाहेर एवढे हिम आहे, ते वितळवू, असे मनात येते. पण ताज्या हिमाचे दहा पातेल्यांत जेमतेम एक पातेले पाणी निघते आणि त्यास इंधन फार लागते.

जैन गृहिणीस येथे दुसरीही अडचण आहे. ओस, हिम आणि गारा यांना शास्त्राने अप्कायात गणले आहे, आणि बावीस अभक्ष्यांच्या यादीतही हिम व गारा आहेत. तेव्हा साठवलेले, उकळलेले पाणी हाताशी ठेवण्याकडे त्या घरांचा कल आपोआपच राहतो, आणि आणीबाणीच्या वेळी ही सवय कामी येते.

खाण्याच्या बाबतीत मात्र ही घरे सुस्थितीत असतात, हे गमतीने म्हणावे लागेल. वादळाचा इशारा आला की अमेरिकन शेजारी पाव आणि दूध आणण्यास धावतो. तास-दोन तासांत फळ्या रिकाम्या होतात. ज्या घरात तांदूळ, मूगडाळ आणि कणीक वीस-वीस पौंडांच्या पिशव्यांत असते, कपाटात खाकरे, पापड, सांडगे आणि आईने सामानातून पाठवलेल्या कुरडया असतात, तिथे आठवडा सहज निघतो. तिथीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरास भाजीविना स्वयंपाक कसा करावा हे कोणी शिकवायला नको. फक्त शेगडीचा विचार हवा. वायूची शेगडी वीज नसली तरी बहुधा काडीने पेटते, विजेची पेटत नाही. खाकरा आणि भाजके पोहे ही त्यावरची सोय. चौविहाराचेही तसेच. डिसेंबरअखेर बफेलोत सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. एरवी नोकरीवरून परतणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी जेवणे अशक्य होते आणि मग नियम सुटीपुरता उरतो. हिमाने दार अडवले की सगळे घरीच असतात, आणि चार वाजताच ताटे मांडली जातात. परदेशात वाढणारी नातवंडे आजी-आजोबांबरोबर दिवसाउजेडी जेवतात ते बहुधा अशाच दिवसांत.

आजी-आजोबांचा विषय निघालाच, तर तो थोडा लांबवणे भाग आहे. महाराष्ट्रातून मुलाकडे गेलेल्या ज्येष्ठांना बंद घराचा त्रास तरुणांपेक्षा अधिक होतो. त्यांचे आयुष्य उघड्या दारात गेलेले असते. सकाळी मंदिर, मग दुकान, दारावर येणारा भाजीवाला, समोरच्या ओट्यावरचा शेजारी. हिमात पहिली गोष्ट जाते ती आवाज. ताजे हिम ध्वनी शोषून घेते, आणि ती शांतता पहिल्या दिवशी सुंदर वाटते, तिसऱ्या दिवशी नकोशी होते. त्यांच्या औषधांचा साठा निदान दोन आठवडे पुरेल असा असावा. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, हृदयाची औषधे ही वादळाच्या आदल्या दिवशी आणू म्हटल्यास मिळतीलच असे नाही. डोळ्यांचा चष्मा आणि फोनचा चार्जर एकाच ठिकाणी ठेवण्यासारखी साधी शिस्तही अंधारात मोलाची ठरते.

आणि फावडे. वादळ थांबल्यावर, ऊन पडल्यावर, घरातील कर्ता पुरुष जाकीट चढवून बाहेर पडतो. नोव्हेंबरच्या त्या हिमवर्षावात दगावलेल्यांपैकी दोघे हिम हटवताना हृदयक्रिया बिघडून गेले होते, आणि डिसेंबरच्या यादीतही असे मृत्यू आहेत. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब चढतो. त्यात एरवी खुर्चीवर बसणारा माणूस एकाएकी जड ओझे उचलू लागतो आणि जोर लावताना श्वास रोखतो. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा कमी वयात गाठतो, हे आता वैद्यकात सर्वमान्य आहे. गल्ल्यावर बसून पन्नाशी गाठलेल्या, मधुमेह असलेल्या गृहस्थाने फावडे हाती घेणे यात शौर्य नाही. शेजारच्या तरुणास वीस-तीस डॉलर देऊन ते काम करवून घ्यावे. स्वतःच करायचे तर थोडे थोडे, हिम उचलून फेकण्याऐवजी ढकलत, आणि पोटभर जेवणानंतर कदापि नाही. दुकानासमोरची पदपथाची पट्टी मोकळी करणे ही तेथील बहुतेक शहरांत मालकाची जबाबदारी असते, त्यामुळे ते टाळता येत नाही. पण साधे मीठ टाकून भागेल असे समजू नये. पारा उणे दहा सेल्सिअसच्या खाली गेला की त्याचा परिणाम जवळजवळ संपतो, तेथे कॅल्शियम क्लोराइड लागते.

त्या वादळात दारांच्या दोन कथा घडल्या आणि दोन्ही पुढे जगभर छापल्या गेल्या.

विल्यम्सव्हिल या उपनगरात शुक्रवारी दुपारी एका घराचे दार वाजले. नायगाराकडे निघालेली दक्षिण कोरियाच्या प्रवाशांची गाडी समोरच्या चरात अडकली होती, आणि त्यांना फावडी हवी होती. घरातील दांपत्याने फावडी दिली नाहीत. चालकासह दहाही जणांना आत घेतले. रविवारपर्यंत बारा माणसे त्या घरात राहिली. कोणी कोचावर झोपले, कोणी गाद्यांवर. पाहुण्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले, आणि योगायोगाने त्या घरात कोरियन मसाले आधीच होते, कारण यजमानांना तो स्वयंपाक आवडत असे. पुढील वर्षी कोरियाच्या पर्यटन संस्थेने त्या दांपत्यास आपल्या देशात पाहुणे म्हणून बोलावले.

दुसरी कथा चीकटोवागा गावची. मित्राच्या मदतीस निघालेला एक मेकॅनिक हिमात अडकला. त्याने घराघरांची दारे ठोठावली, जमिनीवर झोपू देण्यासाठी पाचशे डॉलर देऊ केले. सुमारे दहा दारांतून नकार आला. रात्र मोटारीत काढल्यावर त्याने जवळच्या शाळेची काच फोडली, आत शिरला, आणि रस्त्यावरच्या इतर मोटारींत अडकलेल्यांना एकेक करून आत आणले. वृद्ध, मुले, कुत्री, सगळे मिळून चोवीस माणसे त्या शाळेत तगली. शाळेच्या उपाहारगृहातील अन्न त्यांनी खाल्ले. जाताना त्याने चिठ्ठी लिहून काच फोडल्याबद्दल आणि अन्न घेतल्याबद्दल क्षमा मागितली. पोलिसांनी त्याचा शोध घेतला तो आभार मानण्यासाठी. त्याच दिवसांत शहरात काही दुकाने लुटलीही गेली, आणि तिथे कोणी चिठ्ठी ठेवली नाही. न दिलेले घेणे म्हणजे काय, यावर व्याख्याने पुष्कळ होतात. काच दोन्हीकडे फुटलेली होती.

त्या दहा घरांतील माणसांचे काय झाले, हे कोणत्याही वृत्तपत्राने विचारले नाही. ती दुष्ट होती असे मानण्याचे कारण नाही. अंधारात अनोळखी पुरुष दार वाजवतो, घरात लहान मुले आहेत, आणि अमेरिकेत अनोळख्याच्या खिशात काय असेल याची भीती अवास्तव नाही. मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलातही मध्यरात्री वाजलेले दार आधी भिंगातूनच पाहिले जाते.

बफेलो शहरातील वाहनबंदी अखेर गुरुवार, २९ डिसेंबरला उठली. मृतांमध्ये शहरातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून बरेच अधिक होते. जुनी घरे, गळकी दारे, जवळपास किराणा दुकान नसलेली वस्ती. वर्ष संपतासंपता हवा अचानक उबदार झाली, रस्त्यांतून पाण्याचे ओहोळ वाहू लागले आणि आठवडाभर ज्याने शहर गाडले होते ते हिम दोन-तीन दिवसांत पुष्कळसे ओसरले. त्याआधीच्या दिवसांत सैनिकांच्या तुकड्या आणि पोलीस, ज्या भागांत वीज गेली होती तेथे घरोघर फिरत होते. प्रत्येक दार वाजवायचे, आत कोण आहे विचारायचे, पुढे जायचे. बहुतेक दारे उघडली. काहींच्या पायऱ्यांवरील हिमात आत गेलेल्या पावलांच्या खुणा होत्या, बाहेर आलेल्या नव्हत्या. तिथे ते पुन्हा एकदा वाजवीत आणि थोडा वेळ थांबत.